खडूला घर पाहिजे

२ मार्च

आला! पांढराशुभ्र, एकच कान तपकिरी, आणि बरगड्या लांबून दिसाव्यात इतका हडकुळा. भटक्या कुत्र्यांच्या संस्थेच्या ताईने गाडीतून उतरवला तर सरळ दारात बैठक मारून बसला. जणू आम्हीच त्याच्याकडे पाहुणे आलोय! मी नाव ठेवलं — खडू. आई म्हणाली, "हे काय नाव झालं?" आणि पाच मिनिटांत तीच "खडू, खडू" करत दुधाची वाटी घेऊन त्याच्या मागे मागे.

आमचं काम ठरलेलं आहे. त्याला सांभाळायचं, अंगावर थोडं मांस चढवायचं, घरात राहायची सवय लावायची. कायमचं घर मी आणि ताई मिळून शोधणार. वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी महिनाअखेरपर्यंतच परवानगी दिलीय. तीसुद्धा मी दुकानात त्यांच्या चष्म्याची मोडलेली काडी हातोहात बसवून दिली म्हणून. चष्म्याच्या दुकानात नोकरी करण्याचा एवढाच काय तो फायदा.

बाबांनी खुर्चीतून नुसतं पाहिलं. हातांनी विचारलं — किती दिवस? महिनाभर, म्हटलं. त्यांनी परत खिडकीकडे तोंड केलं.

४ मार्च

भलताच हुशार निघाला हा!

तापात बाबांचे कान गेले तेव्हापासून आमच्याकडे कोणी कोणाला हाक मारत नाही. बोलवायचं असेल तर पाय आपटायचा, लाकडी जमीन थरथरते, बाबा मान वळवतात. दाराची बेल वाजत नाही, बैठकीत लाल दिवा लागतो. बाकी सगळं हातांनी. हे हातवारे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. निम्मे बाबांनी केलेले, निम्मे आईच्या रागातून आलेले.

तर खडूला हे सगळं दोन दिवसांत आलं! पाय आपटला की हजर. लाल दिवा लागला की बाबांच्याही आधी दाराशी. मला बाबांची भाषा यायला किती वर्षं लागली! माझ्या परीक्षेच्या निकालाला आईचा चेहरा एवढा फुलला नव्हता.

आणि बाबांनी त्याला नाव दिलं. बाहीवरचे केस झटकल्यासारखा हात करायचा. कारण उघड आहे — घरात एकही काळा कपडा काळा राहिलेला नाही. बाही झटकली की खडू धावत येतो.

७ मार्च

शेजारी दिवसभर भिंतीत ड्रिल चाललं होतं. आईचं डोकं उठलं. खडू त्याच भिंतीला पाठ लावून घोरत पडला होता! ताईला लगेच फोन केला — असा शांत कुत्रा तुम्ही जन्मात पाहिला नसेल, जाहिरातीत तसंच लिहा. ती म्हणाली, "तू तर विकायलाच निघालीस गं."

१० मार्च

आज काय झालं माहितीय!

बाबा उठले. पट्टा घेतला. खडूला घेऊन बाहेर गेले! एकटे!

डॉक्टर सोडले तर बाबा कुठेच जात नाहीत. कान गेल्यावर सुरुवातीला जायचे, बोलायचेही. मग एकदा दुकानात त्यांचा आवाज इतका मोठा निघाला की सगळी रांग वळून बघायला लागली. आपण किती मोठ्याने बोलतोय ते त्यांना कळत नाही ना. घरी आले, खुर्चीत बसले, आणि त्या दिवसापासून आवाजच बंद. घरातही फक्त हात. इलेक्ट्रिशियनचं काम आधीच सुटलं होतं, मग मित्र सुटले.

आई ओल्या हातांनी खिडकीत उभी. मी तिच्या मागे. कोपऱ्यापर्यंत गेले, वळले, दिसेनासे झाले. आई म्हणाली, "पडदा ओढ, बघतायत असं वाटायला नको." आणि स्वतः फटीतून बघत राहिली.

११ मार्च

आजही गेले!

१४ मार्च

घर मिळालं!! नवरा-बायको दोघं शिक्षक, मुलं परगावी, मागे मोठं आवार, भोवती कुंपण. बाईंनी जमिनीवर बसून खडूचं डोकं मांडीवर घेतलं. मास्तरांनी बिस्किट दिलं. खडूने शेपटीने टीपॉयवरचा कप पाडला आणि दोघं कौतुकाने हसली. म्हणजे माणसं खरोखर चांगली. पसंत!

बाबांना सांगितलं. त्यांनी खडूच्या तपकिरी कानावरून बोट फिरवलं आणि म्हणाले — चांगलं आवार आहे ना? बास मग.

१६ मार्च

दिला. मी रडले नाही. आई माझ्या वाटचंही रडली.

१९ मार्च

परत आला. चीड आलीय मला!

मास्तर दारातच उभे राहिले, आत येईनात. म्हणाले, "गुणी आहे हो, पण आमचं ऐकतच नाही. हाक मारली तर मान वळवत नाही. काल फाटक उघडं राहिलं, हा रस्त्यावर. मी घसा फुटेस्तोवर ओरडलो. गाडीवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचला." बाईंचे डोळे सुजलेले. "आमच्या हातून काही झालं असतं तर?" एवढंच म्हणाल्या.

मी तावातावाने म्हटलं, आमच्याकडे तर शहाण्यासारखा वागतो! आणि त्यांच्यादेखत पाय आपटला. खडू आला. मास्तरांचा चेहरा पडला. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२० मार्च

आम्ही गाढव आहोत. सगळं घर.

सकाळी आईच्या हातून मोठ्या पातेल्याचं झाकण फरशीवर पडलं. मी बैठकीत दचकले. खडू स्वयंपाकघरातच, तिच्याकडे पाठ करून दाराबाहेरचं मांजर बघत होता. त्याचा कान हलला नाही. आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. तिने झाकण उचललं आणि मुद्दाम ओट्यावर आपटलं. काही नाही. मी शिट्टी वाजवली. मग दोन ताटं घेऊन टाळ वाजवावेत तशी वाजवली. खडू मांजर बघतोय!

बहिरा आहे. पहिल्या दिवसापासून.

एवढे दिवस दोघींच्या लक्षात आलं नाही! दुसऱ्या कुठल्याही घरात पहिल्या संध्याकाळी कळलं असतं. पण आमच्याकडे हाक मारतो कोण? आणि तो ड्रिलचा दिवस! शांत स्वभाव म्हणे.

तेवढ्यात बाबा दारात. हातांनी विचारतात — ताटं का बडवताय? मी सांगितलं. त्यांना जराही आश्चर्य नाही. म्हणाले — मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

सांगितलं का नाहीत?

बाबांनी हातांनीच उलट विचारलं. — आधीच कळलं असतं तर कोणी बघायला तरी आलं असतं का?

मग त्यांना आठवलं, मी काल फाटकाचं, गाडीचं सांगितलं होतं ते. त्यांनी खडूला जवळ ओढलं. नंतर म्हणाले — चूक झाली. आता येईल त्याला पहिलं हेच सांगायचं.

२१ मार्च

डॉक्टरांनी तपासलं. तब्येत ठणठणीत, कान पूर्ण बंद. संस्थेच्या ताईला फोन केला. म्हणाली, "बहिरं कुत्रं कोणी घेत नाही गं. संस्थेतही पिंजरा रिकामा नाही." घरमालकीणबाईंना आणखी थोडे दिवस मागितले. त्यांनी मान हलवली, आडवी.

नवीन जाहिरात मीच लिहिली. पहिली ओळ — याला ऐकू येत नाही. दुसरी — पण याच्याशी बोलता येतं.

२४ मार्च

एक बाई आल्या. दारातूनच "बिचारा गं माझा बिचारा" सुरू. खडूला पोटाशी धरून गदागदा हलवलं. म्हणाल्या, "याला मी घराबाहेर पाऊलच टाकू देणार नाही. जन्मभर मांडीवर." बाबा ओठ वाचतात, "बिचारा" हा शब्द तर त्यांना पाठच आहे. त्यांनी माझ्याकडे बघून एकच हात हलवला. नाही.

आई म्हणाली, "महिना संपत आला, तुम्ही नाकं मुरडताय." खरं आहे.

२६ मार्च

फोन आला! एका छापखान्याचे मालक. नवरा-बायको वरच राहतात, खाली यंत्रं. "दोन कुत्री आणून बघितली, दोन्ही आवाजाने पळाली. कुत्री कशाला, माणसं टिकत नाहीत इथे. तुमच्याला ऐकू येत नाही म्हणता ते खरं ना?" म्हटलं, अगदी खात्रीने! आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी हे ऐकून खूश झालं.

पण यंत्रांमध्ये कुत्रा? उद्या बघायला जायचं. बाबा म्हणाले — मी येतो.

बाबा! येतो म्हणाले!

२७ मार्च

काय जागा आहे! दार उघडलं आणि आवाज अंगावरच आला. मी कानात बोटं घातली. कागदाचे गठ्ठे छतापर्यंत, शाईचा वास, जमीन थरथरतेय. खडूने चारही पाय जमिनीवर घट्ट रोवले, क्षणभर विचार केला आणि ताणून दिली. त्याला ती थरथर आवडली! आमच्या जमिनीसारखी, फक्त थांबत नाही. मालकांना हसू आवरेना.

यंत्रांभोवती जाळी आहे, जमिनीवर पिवळा पट्टा. बाबांनी लगेच शिकवायला घेतलं — पट्ट्याच्या आत पाय टाकला की तळहात समोर. पुन्हा. पुन्हा. खडूला कळेपर्यंत उठले नाहीत.

पण मी बघत होते दुसरंच. तिथे कोणीच बोलत नाही! यंत्रावरचा माणूस दोन बोटं दाखवतो, दुसरा दोन गठ्ठे आणतो. तळहात खाली, वेग कमी. कपाळावर बोट, मालक बोलावतायत. एवढ्या आवाजात बोलणार कसं? बाबाही ते बघत खिळल्यासारखे उभे. मग यंत्रावरच्या माणसाने त्यांना खुणेने विचारलं, चहा? बाबांनी खुणेने सांगितलं, साखर कमी. त्याला कळलं. कोणी त्यांच्या तोंडाशी येऊन ओरडलं नाही. कोणी मागे वळून माझ्याकडे, आता यांना काय सांगू, अशा नजरेने बघितलं नाही.

बाबा खडूच्या बाजूला गठ्ठ्यावर बसून चहा प्यायले. त्यांचे ओठ हलताना दिसले मला. त्या आवाजात काही कळलं नाही, पुटपुटत असतील.

छापखान्याच्या मालकीणबाई वरून खाली आल्या, बाही झटकायला शिकल्या, खडू गेला त्यांच्याकडे. झालं. ठरलं!

३० मार्च

सोडून आलो. खडूने पायऱ्या चढून वरचं घर बघितलं, खाली आला, आपल्या जागेवर झोपला. मागे वळूनही बघितलं नाही लबाडाने. जीव भांड्यात पडला. ताईला फोन केला तेव्हा आम्ही दोघी फोनवरच ओरडत होतो. मिळालं! बरोबर घर मिळालं!

१ एप्रिल

बाबा खुर्चीत. खिडकीकडे तोंड. पट्टा खुंटीवर. मी पाय आपटला, वळले नाहीत. कळलं असणारच.

कुत्र्याचं भलं केलं मी. बाबांचं काय करून बसले? कोपऱ्यापर्यंत जाणारा माणूस पुन्हा आत आणून बसवला.

३ एप्रिल

छापखान्याच्या मालकांचा निरोप — खडू मजेत आहे, पण बाबांना पाठवा, आमच्या लोकांना खुणा नीट शिकायच्यात. निरोप सांगून संपायच्या आत बाबांच्या पायात चप्पल!

४ एप्रिल

आजही गेले. संध्याकाळी आले. बाहीवर पांढरे केस, बोटांना शाई. खुणा शिकवताना शाई कशी लागते, विचारलं. म्हणाले — लागते.

९ एप्रिल

सकाळी दात घासत होते. स्वयंपाकघरातून पुरुषाचा आवाज आला, मोठा, खरखरीत. एवढ्या सकाळी कोण आलं म्हणून तशीच धावले. आई हातात पीठ घेऊन पुतळ्यासारखी उभी. समोर बाबा, अंघोळ करून, शर्टाची बटणं लावत.

"तिथे मला काम दिलंय," बाबा तोंडाने सांगत होते. "उद्यापासून माझा डबा करशील का?"