टोपणावरचा लाल ठिपका

१२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर चालू आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे तू मध्येच मला ओरडायला फोन उचलणार नाहीस. वहिनीशी बोलले. पट्टा दोन भोकं सैल करावा लागतोय आणि तू तिच्या हाताच्या चवीला दोष देतोयस म्हणे. दादा, ते जेवण नाही. डाव्या बरगडीखाली कडक लागतंय ती तुझी आजाराने वाढलेली प्लीहा आहे.

इथे प्रयोगशाळेला रंग देतायत. वासाने डोकं उठलंय. त्यापायी सगळे फ्रीझर रिकामे करायचे होते, ते काम माझ्याच गळ्यात पडलं.

तुझा आजार कळला तेव्हा मी कागदावर पेशी काढून दाखवली होती, आठवतं? सायटोकाइन म्हणजे एका पेशीने दुसरीला धाडलेला निरोप. तो आत शिरत नाही, दाराशीच थांबतो. दाराच्या आतली कायनेज नावाची प्रथिनं मात्र जागी होतात, आधी एकमेकांवर आणि मग पुढच्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवतात, आणि निरोप पेशीच्या गाभ्यापर्यंत पोचतो. तुझ्यात बाहेर कुणी नसतानाही कायनेज चालूच. तू लगेच म्हणालास, "म्हणजे बेलचं बटण आत अडकलंय." जन्मभर वायरिंग केलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं!

डॉक्टरांनी दोन वाटा दिल्या होत्या. नवीन गोळी, नाहीतर माझी अस्थिमज्जा तुला. मज्जेच्या वाटेवरून तिघांपैकी एक परत येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी तुझ्या रक्तातल्या पेशींवर ती गोळी घालून पाहिली. कायनेज चालू असलं की चाचणीत फॉस्फेटची काळी पट्टी उमटते, ती गायब! मी नाचतच तुला फोन केला. तू मज्जेला नाही म्हणालास.

आता ऐक. पेशी फोडायच्या द्रावणात एक वडी घालावी लागते. ती नसली तर पेशीतलीच दुसरी प्रथिनं सगळे फॉस्फेट ओरबाडून काढतात, औषध चालो वा न चालो. वडी घातली की आम्ही बाटलीच्या टोपणावर लाल ठिपका देतो. परवा फ्रीझरच्या तळाशी तुझ्या त्या चाचणीची बाटली सापडली. तारीख माझ्या अक्षरात. टोपण कोरं.

बिनगोळीच्या पेशी त्याच दिवशी, त्याच द्रावणात तपासायला हव्या होत्या. तुझं रक्त थोडंच उरलं होतं, म्हणून मी आधीच्या आठवड्याची बिनगोळीची पट्टी शेजारी ठेवली. तू मला लहानपणी शिकवलं होतंस, आधी चालू लाईनवर टेस्टर लावून बघ, मगच बंद लाईनला हात घाल. मी टेस्टर तपासलाच नाही. खरं सांगू? मला तपासायचाच नव्हता. ती पट्टी जावी असं मला इतकं वाटत होतं.

काल तुझ्या रक्ताची शेवटची नळी काढली. वडी घातली, ठिपका दिला. गोळीसह आणि गोळीविना, दोन्ही पट्ट्या सारख्याच काळ्या आल्या. गोळी तुझ्या कामाची नाही, दादा. सात महिने तू ती माझ्या शब्दावर घेतलीस.

आमच्या सरांना मी सगळं सांगितलंय. तुझ्या डॉक्टरांनाही सकाळी फोन केला. ते म्हणाले, मज्जा अजून देता येईल, पण तेव्हाइतकी आशा आता नाही.

वहिनी सांगत होती, डॉक्टर प्लीहेचा विषय काढतात तेव्हा तू म्हणतोस, "गोळी चालते, माझ्या बहिणीने डोळ्यांनी पाहिलंय." ते पुन्हा म्हणू नकोस. शनिवारी मी येतेय, सुईला हाडं द्यायला तयार होऊन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण हो म्हण.

जिच्या डोळ्यांवर तू विश्वास ठेवलास ती,
चिंगी