अग्रलेखाच्या जागी मुळा

सोलापूर,
ता. ६ मार्च १९३२, रविवार

चि. रामहरीस,

मथुराअक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुम्हा सर्वांची खुशाली कळवत जावी. सारजाचा खोकला थांबला का? तिला म्हणावं, ज्येष्ठमध तोंडात धर, आणि छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून झाले की हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नकोस. कुरड्या पाठवल्या आहेत. थोड्या खारट झाल्या आहेत, सांभाळून घ्या.

पत्र कुंडलिकमामांच्या हाती देते आहे. ते बुधवारपर्यंत बार्शीला पोचतील. टपालातली पत्रं हल्ली कोण कोण वाचतं काही सांगता येत नाही.

इथे उन्हं आत्ताच अंगावर यायला लागली आहेत. सूत तुटू नये म्हणून गिरणीत आमच्या खात्याच्या खिडक्या बंद ठेवतात, त्यामुळे दुपारी जीव घाबरा होतो. सकाळच्या भोंग्याला आत गेलं की दरवाजाला कुलूप. मधल्या सुट्टीत हौदापर्यंत जायला उघडतात आणि पुन्हा लावून घेतात. त्यात नवीन काही नाही, बारा वर्षं झाली.

तुझं मागच्या महिन्यातलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण दर वेळी वाचलं की राग यायचा. तू लिहितोस, अक्का, अग्रलेखाचे दिवस संपले. मत ज्याचं त्याच्यापाशी असतं, ते कागदावर विकत कोण घेतो? सरकारी कचेरीत बोलावून ताकीद दिली म्हणून अग्रलेखाच्या जागी मुळ्याची लागवड छापली, तर मुळ्यावर पाच पत्रं आली. अग्रलेखावर वर्षात एक आलं नव्हतं. आणि वर थट्टेने विचारतोस, तुला तरी अग्रलेख गेल्याचं कळलं का?

कळलं रे बाबा. मला जेवढं कळलं तेवढं तुलाही कळलं नसेल.

तू भ्यालास, त्याला मी नावं ठेवत नाही. दोन वर्षांपूर्वी मार्शल लॉ होता तेव्हा मी याच गावात होते. भ्यायला कारण आहे, पदरी दोन मुलं आहेत, छापखान्याचा जामीन मागतील. मग भीती वाटली असं लिही की. कोणी वाचत नाही असं कशाला लिहितोस?

आमच्याकडे तुझा पेपर कसा वाचतात ते आता ऐक. शनिवारी मधल्या सुट्टीत रिळिंग खात्यातल्या वीस-बावीस बायका हौदाच्या सावलीत बसतात. भाकरी सोडायच्या आधी मी अग्रलेख वाचायचा, ही पद्धत. बाजारभाव नंतर, कोण मेलं कोण जन्मलं ते त्याच्याही नंतर. कोणाला अक्षर येत नाही, म्हणून तुला कोणाचं पत्र आलं नाही. पण मागच्या वर्षी तू नळाच्या पाण्यावर लिहिलंस ते त्यांना अजून पाठ आहे. लिहिणारा माझा भाऊ आहे हेही मी सांगून ठेवलं आहे. मिरवायची हौस, दुसरं काय.

संक्रांत झाली आणि सोमवारी खात्याच्या दरवाजावर पाटी लागली. तान्ही पोरं आत आणायची नाहीत. आजवर आमच्या बायका पोरांना रिळाच्या पायाशी टोपलीत निजवायच्या, अधूनमधून उठून पाजायच्या. बायकांच्या कामावर देखरेख करणारी नायकीण सोजरबाई तिकडे काणाडोळा करायची. आता साहेबाचा हुकूम म्हटल्यावर तिचं काय चालणार? अकराजणींची पोरं अंगावर पिणारी. त्या आठवड्यात ती पोरं घरी राहिली. घरी आई नसताना पोर दिवसभर गप्प कसं राहतं हे तुला ठाऊक नसेल. बाळगोळी देतात. अफू असते त्यात.

त्या शनिवारी सगळ्या जरा लवकरच येऊन बसल्या. रामहरी यावर काय म्हणतो, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. मी पेपर उघडला. तुझ्या जागेवर होतं, 'मुळ्याची लागवड : बी कसे निवडावे'.

मी वर बघितलं तर वीस तोंडं माझ्याकडे. चिमाबाई अगदी पुढे, दुधाने चोळी भिजलेली. तिचा मुलगा चार महिन्यांचा.

रामहरी, मी मुळ्यावर बोट ठेवलं आणि बोलायला लागले. तुझी धाटणी मला पाठ आहे. "आम्हांस विचारावेसे वाटते की, जी गिरणी आईचे दोन्ही हात घेते, तिला त्या आईच्या पोराची चार हात जागा जड का व्हावी?" असं सुरू केलं आणि पुढचं आपोआप येत गेलं. संपल्यावर चिमाबाई म्हणाली, "आनखी एकदा वाच की." तेच्या तेच दुसऱ्यांदा बोलताना मला घाम फुटला.

पुढच्या शनिवारी तू लिंबाचे गुण छापलेस. त्याच्या पुढच्या शनिवारी म्हशीची कास. असे सात शनिवार झाले. दर शुक्रवारी वाटायचं, उद्या सांगून टाकू. पण आज सांगितलं तर मागचंही सांगावं लागेल, आणि मागचं दर आठवड्याला वाढत होतं. एका आठवड्यात तर तू इतकं कडक लिहिलंस, म्हणजे मी, की दोघीतिघी रडल्या.

आता जे झालं ते सांगते. गेल्या गुरुवारी चिमाबाई पोराला पदराखाली घेऊन आत आली. पहारेकऱ्याने अडवलं तर म्हणाली, पेपरात लिवलंय, आईला पोर जवळ ठेवायचा हक्क हाय. तिला कचेरीत नेलं. हेडक्लार्क हसला आणि म्हणाला, कुठल्या पेपरात? आणून दाखव. तिथल्या तिथे कामावरून तिचं नाव कमी केलं.

ती तशीच माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसली. मी संध्याकाळी परतले तर म्हणाली, अक्का, त्यो जानेवारीचा कागूद दे, फकस्त दाखवून आणते. मी म्हटलं, चुलीत गेला. पेपर तेव्हा माझ्या उशाखाली होता. तिने डोळे पुसले आणि उलट माझीच समजूत घातली, असू दे, म्हणाली, तुजा भाऊ दर शनवारी लिवतोय की, येत्या शनवारचा दाखवू.

काल हौदाशी त्यांचं ठरलं. येत्या शनिवारचा अंक मी वाचायचा, आणि सोमवारी अकराही जणी पोरं कडेवर घेऊन, तो अंक घेऊन दरवाजाशी उभ्या राहणार. चिमाबाई पुढे. हेडक्लार्कला वाचता येतं, रामहरी. तो अंक हातात घेईल आणि बायकांना मोठ्याने मुळा वाचून दाखवील. उरलेल्या दहाजणींचीही नावं कमी होतील, तीही हसं होऊन.

सोजरबाई मागे राहिली होती. भांडी गोळा करताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला अक्षर कळत न्हाय, पर नजर कळती. तू वाचतीस तवा तुजं डोळं कागदावर फिरत न्हाईत. हे तुज्या भावानं न्हाय लिवलं. तूच बोलतीस. मग तुजं नाव का सांगत न्हाईस?"

ती भांडी घेऊन निघून गेली. अजून तरी तिने कोणाला सांगितलेलं नाही.

तिच्या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते तुला पत्रात लिहायचं म्हणून सकाळपासून मी कुरड्यांचंच लिहीत बसले.

तुझी भाची बनू तापाने गेली असं मी तुला कळवलं होतं. ती तापाने गेली नाही. तुझे दाजी जाऊन चार महिने झाले होते, मी नुकती गिरणीत लागले होते, आणि तेव्हाची नायकीण पोर आत आणू देत नव्हती. मी सकाळी मुगाएवढी गोळी देऊन जायची. त्या दिवशी काम जास्त होतं, परतायला उशीर होणार होता, म्हणून थोडी मोठी दिली. संध्याकाळी आले तर टोपलीत तशीच निजलेली होती. मी हाका मारल्या.

बारा वर्षांत मी हे आईला सांगितलं नाही, कोणालाच नाही. माझ्या नावाने या गोष्टीबद्दल माझ्या तोंडून एक अक्षर निघत नव्हतं. तुझ्या नावाने निघालं. पेपरातला माणूस बोलतो आहे असं म्हटल्यावर मला बोलता आलं आणि त्यांना ऐकता आलं. अग्रलेख कशाला लागतो असं तू विचारलंस. मला याच्यासाठी लागला.

सोबत एक कागद आहे. कालपासून चार वेळा लिहून काढला. त्यात तुझी धाटणी नाही. पाटी कधी लागली, अकरा पोरं कशी घरी राहतात, चिमाबाईचं काय झालं आणि बनूचं काय झालं, एवढंच आहे. याला अग्रलेख म्हणू नकोस हवं तर, वाचकाचं पत्र म्हण. पण मुळ्याच्या जागीच छाप.

जामीन मागतील, कदाचित छापखान्याला कुलूप लागेल, हे मला कळतं. माझं काम तर जाईलच, आणि खोली गिरणीची आहे, तीही जाईल. सारजाला आणि मुलांना घेऊन तू काय करशील याचा विचार मी केला, आणि तरी मागते आहे. सात शनिवार मी तुला न विचारता तुझं नाव वापरलं. आता तू माझं वापर.

आणि तुझ्याने झालं नाही, तर मी रागावणार नाही. शनिवारी त्या सगळ्या हौदाशी येऊन बसतील. चिमाबाईला आत सोडत नाहीत, ती कुंपणाच्या जाळीपलीकडून ऐकेल. त्या जागी जे छापलेलं असेल तेच मी वाचीन, एकही शब्द न बदलता. मुळा असला तर मुळा, शेवटच्या ओळीपर्यंत. अग्रलेख कोणी ऐकत होतं की नाही, ते मग त्यांची तोंडं बघून तुला कळवीन.

कागदावर बनूचं नाव एकदाच आलं आहे. सारजाला म्हणावं, ते नीट जुळव. आणि शेवटी माझं नाव घालायचं ते इथे सही करते आहे तसंच घाल.

मथुराबाई, रिळिंग खाते,
बनूची आई