कशिशला रडू देण्याबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
तालुका पोलीस ठाणे.

विषय : मुलगी कशिश हिच्या जबड्याचा व्यायाम चालू ठेवू देणेबाबत.
संदर्भ : शेजारी श्रीमती तानुबाई यांनी माझ्याविरुद्ध दिलेली तक्रार.

महोदय,

मी कुतुबुद्दीन, धंदा गाद्या भरण्याचा, राहणार वडूज, विनंतीपूर्वक कळवितो की,

१. माझी मुलगी कशिश (वय सात) गेल्या वर्षी उसाच्या ट्रॉलीवरून हनुवटीवर पडली. टाके पडले, जखम वाळली. कानाजवळ जबड्याच्या सांध्यालाही मार होता, हे आम्हांस कळले नाही. दुखते म्हणून तिला कोणी बोलू दिले नाही, चावू दिले नाही. साऱ्या गल्लीने पेज आणून पाजली. पोर गुमान बसते म्हणून तानुबाईंनी दृष्टही काढली. त्या आरामातच सांधा आखडला आणि हाडाला हाड चिकटले. पुढे दातांच्या फटीतून दूध तेवढे आत जाई.

२. सांगलीत ऑपरेशन होऊन सांधा मोकळा झाला. आता दिवसातून अनेकदा दातांत लाकडी पट्ट्या घालून, एकेक वाढवत, तोंड उघडायचे आहे. त्यात खंड पडला तर सांधा पुन्हा चिकटेल, असे डॉक्टरांनी बजावले आहे. पट्टी वाढली की पोर किंचाळते. तिची आई तेवढा वेळ परसात जाऊन उभी राहते. मी पट्टी धरतो आणि नंतर दुकानात जाऊन रडतो.

३. तानुबाईंनी आपणांस सांगितले, "आवं सायेब, लेकराच्या तोंडात लाकडं कोंबतोय ह्यो. लय रडतीया वो ती." यात एक शब्दही खोटा नाही. त्यांच्यावर माझा रागही नाही. कशिशला त्यांनीच अंगाखांद्यावर खेळवले. परंतु व्यायामाची वेळ झाली की त्या तिला आपल्या घरात लपवितात व पातळ शिरा भरवितात. कशिशही आता मला म्हणते, "अब्बा, पोलिसास्नी सांगीन." दोन बोटे उघडणारे तोंड एका बोटावर आले आहे.

४. तरी व्यायामाच्या वेळी आमच्या घरी एक महिला पोलीस बसवावी व शेजाऱ्यांना दारातच थांबवावे. ते जमत नसल्यास मला खुशाल अटक करावी, मात्र व्यायामापुरते घरी सोडावे. बेडी घालूनही पट्टी धरता येते. मी हात सुतळीने बांधून पाहिले आहेत.

५. मुलगी मला वैरी समजते. समजू दे. मोठेपणी ती आपल्या ठाण्यात येऊन, तोंड भरून, माझी तक्रार करील, तेव्हा ती जरूर लिहून घ्यावी. मी सही करीन.

आपल्या परवानगीची वाट पाहणारा,
कुतुबुद्दीन
वडूज, दि. ९ जुलै २०२४

सोबत : डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. लाकडी पट्टी एक (कडा घासून गुळगुळीत केल्या आहेत, कृपया हात लावून पाहावे).