चाकांच्या टोप्यांवरचा रंग

अहो सुभाषचे आबा,

चार वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आन् चिठ्ठी लिहायला आज बसले. तुम्ही होते तेव्हा लिहायची वेळच आली नाही. समोर बसलेले असायचे, तोंडानं बोलून भागायचं. आज पोटात लई साठलंय आन् ऐकायला कुणी नाही, कारण सगळे आपापल्या गावाला गेले आन् मी आखाड्यावर एकटी आहे.

आखाड्यावर, कळलं का? श्रावण चालू आहे, सकाळपासून पाऊस आहे, ओढा भरून वाहतोय, आन् तरी मी आपल्या शेतातल्या घरी, आपल्या चुलीपुढं बसले आहे. तुमच्या जीपनं आणून सोडलं मला. हाव, त्याच खटाऱ्यानं.

पहिल्यापासून सांगते. मधी बोलू नका.

मागल्या पावसाळ्यात मी गोठ्यात घसरून पडले. कंबर धरली. ओढ्याच्या दोन्ही अंगाला काळ्या मातीचा राडा, गाडी येईना, माणूस येईना. तिसऱ्या दिवशी सुभाषनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून मला सोयाबीनच्या पोत्यासारखं बाहेर काढलं. आन् दवाखान्याच्या दारातच फर्मान काढलं: पुढच्या वर्षापासून पावसाळ्याचे चार महिने आई लातूरला, आमच्या फ्लॅटमधी. जीप भंगारात. दोघींचा निकाल एका दमात लावला तुमच्या लेकानं.

तो फ्लॅट तुम्ही पाहिलाय. तिसरा मजला, खाली क्लासला जाणाऱ्या लेकरांच्या सायकली, खिडकी उघडली की समोरच्याचं न्हाणीघर. मी म्हणलं, मी तिथं आठ दिवसांत वाळून जाईन. तर म्हणतो, "आई, दवाखाना दहा मिनटावर हाय." जसं काय मी दवाखान्यात जायलाच जन्माला आले.

तेव्हा ऋतुजा मधी पडली. आपली नात, जिला मांडीवर घेऊन तुम्ही स्टेअरिंग धरायला लावायचे ती. आता नांदेडला ट्रॅक्टरच्या शोरूममधी सर्व्हिसचं काम बघते. आन् सुट्टीच्या दिवशी तिच्यासारख्याच चार येड्यांसंगं डोंगरात, दगडगोट्यांत गाड्या घालते. ऑफरोडिंग म्हणतात त्याला. चांगला रस्ता सोडून मुद्दाम वाईट रस्त्यानं जायचं. मी म्हणलं, ह्यात नवीन काय? तुझा आजा जल्मभर तेच करत होता.

ती बापाला म्हणाली, "पप्पा, जीप मला द्या. भर पावसात आज्जीला ओढ्यापल्याड नेते आन् परत आणते. ट्रॅक्टर न बोलावता."

"आन् फसली तर?"

"तर द्या भंगारात."

"आन् आई लातूरला. मग कुरकुर न्हाई करायची."

मला कुणी विचारलं का? नाही. पण मी म्हणलं, "कबूल."

उन्हाळ्यात जीप लोह्याला गफूर मिस्त्रीकडं नेली. ऋतुजा सुट्टी असली की यायची, मी तर रोजाना. सकाळच्या एसटीनं जायचं, डबा घेऊन, मिस्त्रीच्या दुकानात टायरावर बसायचं. हसू नका. तुम्ही गेल्यापासून इतकी करमणूक झाली नव्हती माझी.

ऋतुजानं फोनवर फोटू दाखवले होते. काय एकेक गाड्या हो! टायर माझ्या छातीला लागतील एवढे, टपावर दिव्यांची रांग, नाकाला हत्तीच्या सोंडेसारखी नळी, पाण्यात गेलं तरी इंजिननं वरून श्वास घ्यावा म्हणून. मी म्हणलं, अशीच कर. ह्याच्याहून चार बोटं उंच कर.

तिनं फोन खिशात घातला. "आज्जी, एवढी उंच केली तर तू चढशील कशी? आन् बांधावरनं उतरताना कलंडली म्हंजी? आधी जे हाय ते नीट चालतंय का ते बघायचं. नवीन मागून."

"सही बोल रही बच्ची," गफूर मिस्त्री म्हणाला. "लोगां पहले लाइटां लगाते, ब्रेक का पूछतेच नहीं."

मला वाटलं, ही पोरगी आपल्या आईवर गेली, हात आखडता. पण रोज बघत गेले तसं कळायला लागलं. आधी ब्रेक. मग तेल कुठून गळतं ते. मग स्टेअरिंगचा झोल. आठवतं का, अर्धा फेरा फिरवला तरी चाक ऐकायचं नाही, आन् तुम्ही म्हणायचे, जीप आहे, विचार करून वळती? ती विचार करत नव्हती, तिचे सांधे झिजले होते. माझ्यासारखे.

मग चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे. पोती जास्त बसावी म्हणून तुम्ही मागं दोन पाटे जादा घालून घेतले होते. बसलं की मणका डोक्यात जायचा. ऋतुजानं ते दोन्ही काढून टाकले. मी म्हणलं, काढती काय, वाढव की. तर म्हणली, पाटे मोकळे असले की एक चाक खड्ड्यात उतरलं तरी बाकीची तीन जमीन सोडत नाहीत. कडक गाडी खड्ड्यावर तंगडी वर करून उभी राहती. मला पटलं. तसे माणसं बी पाहिलेत मी.

मग ओढायचे हुक, दोन पुढं, दोन मागं, खालच्या चासीला बोल्टानं पक्के. आन् जाड पट्टा. हे तिनं टायराच्याही आधी केलं. म्हणली, फसणार हे धरूनच निघायचं. तेव्हा मी मिस्त्रीला तुमची गंमत सांगितली. तुम्ही बंपरला दोर बांधून शेजाऱ्याचे बैल जुंपले होते, आन् बैल बंपर घेऊन गावाकडं चालू लागले, जीप तिथंच. गफूर मिस्त्री खाली बसून हसला. मीही हसले. त्या दिवशी नव्हते हसले.

शेवटी टायर आले, नांदेडहून, खोल नक्षीचे, मापानं जरासेच मोठे. ऋतुजानं आरटीओतून कागद नवे करून आणले आन् मला दम दिला, कागदात बसत नाही ते गाडीवर लावायचं नाही, सोंडेचा हट्ट सोड, आपला ओढा गुडघाभर हाय. माझ्या मनासारखी एकच गोष्ट केली: दाराखाली पाय ठेवायला लोखंडी पायरी. ती मिस्त्रीनं माझ्या गुडघ्याचं माप घेऊन बसवली.

आता जे सांगायला बसले ते सांगते.

टायर घालायच्या आधी जीप चारी बाजूंनी उचलून लाकडावर ठेवली होती. ऋतुजानं आत बसून तुमचा तो बारका दांडा ओढला, चारी चाकांचा. मागची दोन गरगर फिरली. पुढची दोन जागची हलली नाहीत. परत ओढला. तेच.

मिस्त्रीनं पुढच्या चाकाच्या मधली ती वाटीएवढी टोपी ठोकून पाहिली. तिच्यावर रंगाचं पूट चढलेलं, भाकरीएवढं जाड. खरवडायला लागला. लाल निघाला, त्याखाली हिरवा, मग सोनेरी, मग परत लाल. एकेक पोळा निघत होता हो.

"ये बैलां का रंग है," मिस्त्री म्हणाला. "इसपे किसने मारा?"

ऋतुजा हसली. "आबांनी, आनखी कोण. बैल विकल्यावर पोळ्याला जीपच न्यायचे मारुतीपुढं."

मग ती मला समजावून सांगायला लागली. "आज्जी, ही टोपी हातानं फिरवून लॉक करायची असती, तसं तिच्यावरच लिहिलेलं असतंय. मगच पुढच्या चाकांत जोर येतो. न्हाई फिरवली तर आत दांडा कितीबी ओढू दे, गाडी मागच्या दोनच चाकांवर. आबांना कुणी सांगितलंच न्हाई वाटतं."

मी खाली पडलेले रंगाचे पापुद्रे गोळा करायला लागले.

तुम्ही दांडा ओढला की आवाज बदलायचा, आन् तुम्ही म्हणायचे, लागली बघ चारी चाकं. लागली नव्हती. एकदाही लागली नव्हती.

आन् रंग तुम्ही नव्हता लावला. गोठा रिकामा झाला त्या पहिल्या पोळ्याला तुम्ही सकाळपासून तोंड पाडून बसले होते. मग आदल्या सांजला सवयीनं काढून ठेवलेली हळद आन् तूप तुम्ही जीपच्या मडगार्डला चोळलं, बैलांचे खांदे मळतात तसं. घुंगरमाळ बांधली. आन् मी शिंगाच्या रंगाचा डबा घेऊन आले. शिंगं म्हणून त्या दोन टोप्याच सापडल्या मला. पुढच्या पुढच्या पोळ्याला तेच. एका वर्षी तुम्ही म्हणालेही होते, "त्या टोप्या राहू दे, त्याच्यावर काहीतरी लिहिलंय."

मी म्हणाले होते, "बैलाच्या शिंगावर कुणी लिहितं का? सरका."

आन् तुम्ही सरकले.

आता औशाचं काढते. तुम्हाला वाटलंच असेल. माझी माय औशाला शेवटच्या घटका मोजत होती, सांगावा आला, आपण निघालो आन् ओढ्यात फसलो. बंपर शेजाऱ्याच्या बैलांनी नेला तो हाच दिवस; टोप्यांवर तोवर माझ्या रंगाचे दोन-तीन पोळे चढले होते. दुसरी जोडी आणून निघेस्तोवर दुपार टळली. पोचलो तर माती उरकून लोकं हातपाय धूत होते. मायचं तोंड दिसलं नाही मला. त्यानंतर जितकी भांडणं झाली, मीठ कमी पडलं म्हणून झालं तरी, मी शेवटी तेच काढायचे: तुमच्या खटाऱ्यापायी माझी माय दिसली नाही. आन् तुम्ही टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे.

एकदा तरी उलटून का नाही बोललात? बोलायला पाहिजे होतं. मला सवय लागली ना.

असो. आजचं ऐका.

मृगापासून मी गावात दिगंबरच्या घरी होते; आज सकाळी सगळे ओढ्यापाशी. सुभाष छत्री घेऊन, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून, ट्रॅक्टरवाल्याचा नंबर काढून तयारच. ऋतुजा आधी काठी घेऊन ओढा चालून आली. मी हाक मारून सांगितलं, "जांभळीच्या अंगानं खाली खडक हाय, तिथनं धर." मग ती टायरांतली हवा सोडायला बसली.

"अगं, हवा भरतेत का सोडतेत?" सुभाष ओरडला.

"सोडतेत, पप्पा. टायर पसरतो, चिखलावर बसून राहतो."

मिस्त्रीनं खरवडून मोकळ्या केलेल्या टोप्यांतली उजवी तिनं फिरवली. डावी मी म्हणलं मला दे. खाली बसले, कंबर कुरकुरली, दोन बोटांनी टोपी फिरवली. कट् झालं. एवढंच होतं हो ते. एवढं हलकं.

पायरीवर पाय ठेवून पुढच्या सीटवर बसले, तुम्ही बसवायचे तिथंच. पाण्यातून तर सरळ गेलो. पल्याडच्या चढाला मात्र राडा, आन् तिथं जीप बसली. चाकं जागच्या जागी फिरायला लागली, काचेवर चिखल. मागून सुभाषचा आवाज: "झालं! बोलावू का ट्रॅक्टर?"

माझ्या डोळ्यापुढं तो तिसरा मजला आला, खरं सांगते.

ऋतुजानं पाय सोडला. रेस नाही, आरडाओरडा नाही. हातभर मागं घेतली आन् त्याच चाकोरीतून हळू, लई हळू पुढं घातली. आन् पुढच्या चाकांनी माती धरली. मला सीटखाली कळलं ते. इतकी वर्षं ही जीप मागून ढकलल्यासारखी चालायची. आज पुढून ओढत होती. खांदा लावून, मान खाली घालून बैल ओढतो तशी. मी काय ओरडले मला आठवत नाही. ऋतुजा म्हणती, मी तुमचं नाव घेतलं. घेतलं असेल. आता कशाची लाज?

चढून वर आलो. बोलल्याप्रमाणं परतही आणली, सुभाषच्या पायापाशी उभी केली. त्यानं पुढच्या टायराला एक लाथ मारून पाहिली. मग छत्री मिटली आन् म्हणाला, "आई, बीपीच्या गोळ्या तरी महिन्याच्या घेऊन जा." म्हणजे हरला. दुसऱ्या खेपेला मागं बसून आला, दोन्ही हातांनी दांडी धरून, "हळू घे, हळू घे" म्हणत. तुमच्यासारखाच, दुसऱ्याच्या हाती गाडी गेली की घाबरट.

मला सोडून ते परत गेले. जीप गावात आपल्या दिगंबरच्या दारात राहणार. पुतण्या असला तरी ऋतुजानं त्याच्याकडून ओढ्यातून दहा चकरा मारून घेतल्या, मगच किल्ली दिली. मी फोन केला की अर्ध्या घंट्यात येतो. पडले तर पडले, ट्रॉलीतून जायची नाही आता.

पोळा पंधरा दिवसांवर आलाय. जीप मारुतीपुढं जाईल, घुंगरमाळ घालून, हळद-तूप लावून, बंपर लाल करून. पण टोप्या कोऱ्या राहतील. त्यांना मी तेल देईन, फिरवून बघीन, आन् कुणी ब्रश घेऊन आलं तर त्याला म्हणेन, सरक.

आन् औशाचं पुन्हा कधी काढणार नाही. ते माझ्याकडून मिटलं. बाकीची भांडणं जशीच्या तशी आहेत, त्यात फरक पडला समजू नका.

सुभाषची आई,
अनसूया