सातव्या भागात उमराव कुणालाच चावत नाही, त्याबद्दल

ताई, आणि तुझ्यासारखेच ते सगळे वाचक, ज्यांनी सहा भाग इमानेइतबारे वाचले आणि ज्यांना सातव्या भागात लेखकाने भर रस्त्यात उतरवून दिलं,

नमस्कार. (वाकून केला आहे असं समज. प्रत्यक्षात कंबर धरली आहे.) गुडघे कसे आहेत? साखर आटोक्यात आहे ना? कुंड्यांसाठी अजून बादली घेऊन जिना चढत असशील तर ते बंद कर, नळीचा शोध लागून बरीच वर्षं झाली. इकडे सगळं ठीक. तुझी भावजय बरी आहे, म्हणजे माझ्याशी कामापुरतं बोलते, त्याचं कारण पुढे येईलच. तुझं पत्र येऊन सात आठवडे झाले. दर पंधरवड्याला न चुकता चार पानं लिहिणारी तू, तेव्हा दोष टपालाचा असणार हे मी गृहीत धरलं आणि दोनदा जाऊन पोस्टमास्तरांशी भांडलो. तिसऱ्यांदा गेलो तर ते बिचारे शांतपणे म्हणाले, "साहेब, पाठवणाऱ्यानं पाठवलंय का, ते विचारलंत?" विचारलं नव्हतं. म्हणून हे पत्र.

पण आधी तक्रार. तुला मालिका पाठ आहे, तरी मुद्दा मांडायचा तर मुळापासून मांडावा लागतो, त्याला माझा इलाज नाही. उमराव हा व्हॅम्पायर. चारशे वर्षांचा, टेकडीवर राहणारा, खालच्या गावाच्या रक्तावर पोसलेला. तू ती भुताखेताची गोष्ट म्हणून वाचलीस, मी शोषणाचा इतिहास म्हणून वाचली. तीस वर्षं छापखान्याच्या फाटकावर उभा राहून मी कामगारांना हेच सांगत आलो की दुसऱ्याच्या रक्तावर जगणाऱ्याला आपोआप मरण येत नाही, ते आणावं लागतं. सहाव्या भागाच्या शेवटच्या पानावर गावकरी मशाली घेऊन टेकडी चढतात, उमरावाच्या फाटकाला हात घालतात, आणि पुस्तक संपतं. पुढचा भाग यायला चार वर्षं लागली, ताई! चार वर्षं ती माणसं माझ्या डोक्यात त्या फाटकापाशी ताटकळत उभी होती. आणि सातवा भाग उघडतो तर काय? फाटक आतून उघडतं, उमराव बाहेर येतो आणि म्हणतो, हळू बोला, तिचा आत्ताच डोळा लागलाय.

ती म्हणजे शिंपीण. तिसऱ्या भागात "मला कधी चावायचं नाही" या अटीवर त्याच्याशी लग्न करणारी. तो होता तसाच पस्तिशीचा राहिला आणि ही आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. पुढची चारशे बारा पानं हा रक्तपिपासू करतो काय? पाणी गरम करतो. चादर बदलतो. सुईत दोरा ओवून तिच्या हातात देतो, आणि तिच्याने टाका घालवत नाही म्हटल्यावर तिला कळू न देता सुई काढून घेतो. चावा एकही नाही. गावकरी मशाली विझवून आपापल्या घरी जातात (चार वर्षं उभे राहून!) आणि त्यांच्यातलीच एक बाई दुसऱ्या दिवशी भांडंभर सूप घेऊन येते. ज्याच्याशी लढायचं त्याला लेखकाने रुग्णसेवेला बसवलं आणि लढणाऱ्यांना सूप करायला लावलं. मी हे पुस्तक भिंतीवर फेकलं असतं, पण ते तुझं होतं.

आमच्या वाचनालयात या पुस्तकाने जी फूट पाडली ती तीन निवडणुकांनाही पाडता आली नव्हती. अर्धे म्हणतात, फसवणूक. अर्धे म्हणतात, मालिकेतलं सर्वांत थोर पुस्तक. या दुसऱ्या टोळीचा म्होरक्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा दंतवैद्य. ज्याने जन्मभर दातांखेरीज दुसरं काही पाहिलं नाही त्याने दात नसलेल्या पुस्तकाची आरती ओवाळावी, हा विनोद मी त्याच्या तोंडावर केला. तो म्हणाला, "अहो, दात काय, सगळ्यांचेच जातात. पुढं काय करायचं ते लिहिलंय यात." वर्तमानपत्रांच्या टेबलाशी माणसं बाजू धरून बसू लागली. आमच्यापैकी कुणीतरी पुस्तक कादंबऱ्यांतून काढून 'गृहोपयोगी'च्या फळीवर ठेवलं. (मी नाही. मी फक्त सुचवलं होतं.) दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी कुणीतरी ते 'तत्त्वज्ञान'मध्ये नेलं. तिसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंनी ते स्वतःच्या खणात घालून कुलूप लावलं आणि जाहीर केलं की रविवारी चार वाजता काय ते एकदाचं बोलून घ्या, हात वर करून मत द्या, आणि सोमवारपासून मला शांतता द्या. तुझी भावजय दंतवैद्याच्या बाजूची निघाली. घरात विरोधी पक्ष असणं लोकशाहीला पोषक असतं, जेवणाला नसतं.

आता भाषणाची तयारी. आपली जुनी रीत तुला सांगायला नको. दोघांत एक प्रत, जो घेईल त्याने आधी वाचायची, समासात पेन्सिलीने काय ते लिहायचं आणि टपालाने दुसऱ्याकडे धाडायची. सहाही भाग मीच आधी घेतले, कारण मला धीर नाही. समास मी भरून काढायचो आणि तू परत पाठवताना कुठेतरी एखादी बारीक फुली करायचीस, बस. सातवा भाग पहिल्यांदाच तू घेतलास, भाऊजी जाऊन तीन महिने झाले होते तेव्हा. प्रत माझ्याकडे आली ती समास भरून आली. मी साठ पानं वाचली, खवळलो, आणि उरलेलं पुस्तक वक्ता वाचतो तसं वाचलं, म्हणजे उपयोगी वाक्यं शोधत चाळलं. चाळताना छापलेल्या ओळींपेक्षा पेन्सिलीच्या ओळी लवकर नजरेत भरतात. मला वाटलं, घबाड हाती लागलं.

रविवारी अडतीस सभासद आले. खुर्च्या मधोमध वाट सोडून दोन बाजूंना मांडल्या होत्या, लग्न जमवायला बसतात तशा. डोक्यावरचा पंखा नेमका सकाळीच बंद पडला होता, म्हणून त्या मधल्या वाटेत शिडी लावून एक पंखेवाला वर चढलेला. दंतवैद्य आधी बोलला, दहा मिनिटं, खाली बघून. मग मी उठलो. ताई, तुझ्या भावाचं भाषण रंगलं. शोषकाचं हृदयपरिवर्तन ही शोषकानेच पसरवलेली अफवा आहे, या वाक्याला आमच्या बाजूने टाळ्या आणि त्यांच्या बाजूने एक खोकला मिळाला. मग मी म्हणालो की असली पुस्तकं वाचकाची काय गत करतात त्याचा पुरावा पाहा, एका भाबड्या भगिनीची प्रत माझ्या हाती आली आहे. आणि मी तुझे समास वाचून दाखवले.

नाव घेतलं नाही. हे मी तेव्हा फार मोठं सौजन्य समजत होतो. पान एकशे सत्तावीस, उमराव तिची कूस बदलतो, समासात: "उशी पाठीशी नाही, गुडघ्यांच्या मध्ये." हशा. पान एकशे नव्वद, तो तिच्यावर ओरडतो आणि मग परसात जाऊन उभा राहतो, समासात: "मी पण." मोठा हशा. पान दोनशे चौदा, तो तिला पाणी पाजतो, समासात: "चमच्याने. मान थोडी डावीकडे. घाई केली की ठसका लागतो." मी आवाज काढून वाचलं, ताई. बायकी आवाज काढून. सगळी आमची बाजू हसत होती आणि त्यांच्यातलेही दोघे.

मागच्या रांगेत इस्पितळातली एक परिचारिका बसली होती, ड्यूटी संपवून तशीच आलेली. आमच्याच बाजूची, पुस्तक न आवडलेली. ती उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "हे लिहिणाऱ्या बाई भाबड्या नाहीत हो. त्यांनी हे केलंय. डावीकडे मान, हे पुस्तकात नाही, पान बघा. हे करणाऱ्यालाच ठाऊक असतं." मी पान बघितलं. पुस्तकात नव्हतं. तीस वर्षांत फाटकावर पोलीस आले तेव्हा माझं वाक्य तुटलं नाही, पाऊस आला तेव्हा तुटलं नाही, ते त्या दिवशी तुटलं, आणि पुढचं वाक्य काय होतं ते अजून आठवलेलं नाही. मी तुझं पुस्तक मिटून खाली बसलो. आमच्या बाजूला वाटलं की हा वक्तृत्वाचा विराम आहे, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मतं पडली एकोणीस विरुद्ध एकोणीस. (मी आमच्याच बाजूने हात वर केला. शरम वेगळी आणि मत वेगळं.) मग कुणीतरी टूम काढली की शिडीवरच्या माणसाने दोन तास सगळं ऐकलं आहे, त्याला विचारा. त्याने स्क्रूड्रायव्हर तोंडातून काढून विचारलं, "शेवटी ती म्हातारी वाचते का?" दंतवैद्य म्हणाला, नाही. "मग तो काय करतो?" बसून राहतो, तिच्याजवळ. "मग बरोबर आहे की. दुसरं काय करणार?" एवढं बोलून तो खाली उतरला आणि पंखा सुरू केला. ग्रंथपालबाईंनी नोंद केली की सदर गृहस्थ सभासद नसल्याने मत ग्राह्य नाही. तेव्हा प्रश्न आहे तिथेच आहे.

हे सगळं वाचनालयाच्या मासिक पत्रकात छापून आलं, "समासातल्या गमती" अशा मथळ्याचा वेगळा रकाना करून, पान क्रमांकांसकट. ते पत्रक आजीव सभासदांना घरपोच जातं. तुला आजीव सभासद मीच केलं होतं. पत्रक निघाल्याला आज सात आठवडे झाले.

पुस्तकाबद्दल माझं मत तुला कळवावं आणि तुझं मागवावं, एवढाच या पत्राचा हेतू. भाचीला आशीर्वाद. तिची परदेशातली नोकरी टिको.

तुझा,
धाकटा

ता. क. सभेनंतर मी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. अकरावं प्रकरण अजूनही राजकीयदृष्ट्या खोटं आहे आणि त्यावर मी कुठेही, कुणाशीही बोलायला तयार आहे. बाकी पुस्तकाविषयी पूर्वीइतकं जोरात बोलता येत नाही. दंतवैद्याला हे सांगू नकोस. तो तुला ओळखत नाही, तरीही.

ता. क. दुसरा. ती टिपणं हसण्यासाठी वाचणं ही वक्त्याची घोर चूक होती, असं दोन पानी निवेदन मी पत्रकाला दिलं. ग्रंथपालबाईंनी जागेअभावी ते कापून एका ओळीवर आणलं: "मागील अंकातील वक्ते दिलगीर आहेत." कशाबद्दल ते छापायला जागा उरली नाही. तुझी भावजय म्हणाली, एवढीच ओळ तुम्ही आधी लिहिली असती तर ताईंना पत्रानंच पाठवता आली असती.

ता. क. तिसरा. खरं म्हणजे याच्यासाठी वरचं सगळं लिहिलं. भाऊजी सात महिने अंथरुणाला होते आणि त्यात मी दोनदा आलो. पहिल्यांदा त्यांना मी मोठ्या संपाची हकिगत ऐकवली, दुसऱ्यांदा येऊ घातलेल्या कामगार कायद्यावर बोललो, आणि ते ऐकून घेत राहिले कारण त्यांना उठून जाता येत नव्हतं. तू वाटी घेऊन आतबाहेर करत होतीस. वाटीत काय आहे, हे मी विचारलं नाही. "तू कशी आहेस" असं तर मी तुला पत्राच्या पहिल्या ओळीखेरीज कधीच विचारलेलं नाही, आणि तिथे ते विचारायची पद्धतच असते. तू ते पुस्तक घेतलंस, आणि जे मला सांगायचं होतं ते त्याच्या समासात लिहून मला पाठवलंस. दुसरं कुणी ते वाचणार नाही, याची तुला खात्री होती.

शनिवारी दुपारी दोनच्या गाडीने निघतोय, सव्वापाचला पोचेन. सोबत भाषण नाही, कागद नाही, पुस्तक नाही. ते सात महिने तू मला पहिल्या दिवसापासून सांग. मी मध्ये बोलणार नाही. मध्ये बोललो तर हाकलून दे, परतीची गाडी साडेआठला आहे. दरवेळी तू घ्यायला यायचीस. यावेळी आली नाहीस तरी मी येणारच, घर मला ठाऊक आहे. पण ताई, स्टेशनवर ये.