कमलाबाईच्या वहीतली माझी सही

शनिवार, संध्याकाळ. विजय नगर.

आज जेवण गेलं नाही. कमलाबाई रिछाईच्या कारखान्यांच्या वस्तीतून थेट घरी आली. आल्याआल्या माझा खोकला विचारला, हिचे गुडघे विचारले. मग सांगितलं. तिथल्या दुसऱ्या कारखान्यात आज नोकरीसाठी तिला लेथवर उभं केलं, तर मशीन सुरूही करता आलं नाही.

येईल कसं? सरकारी योजनेतून सहा महिने आमच्या कारखान्यात लेथ शिकायला होती ती, शिकवणारा मी. मालकाने सहाही महिने पेट्या भरायला बसवली. मी काहून बोललो नाही? उलट दर शनिवारी तिच्या वहीत ‘काम सिखाया’ लिहून सही करत राहिलो. सही नसती तर तिचा सरकारी भत्ता थांबला असता. वाटलं, भलंच करून राहिलो. शाळा न बघता, स्वतः गिरवून कमावलेली सही ती. केवढी मिरवतो मी.

कमलाबाई म्हणाली, "उस्तादजी, आपका नाम खराब कर दिया मैंने. मेरे हाथ ही कच्चे हैं."

चाळिशीची बाई, दोन्ही हात पुढे करून उभी. त्यांवर ना ओरखडा, ना तेलाचा डाग.

मी म्हटलं, "चाय पियोगी?" एवढंच म्हटलं.