करियाच्या तोंडातला ससा

प्रिय देचू,

करियाला परवा घरी आणलं. एवढं वाचून पत्र टाकून देऊ नकोस. तो कुत्रा घरात असेल तर पुत्तरीच्या सणाला येणार नाही, असं तू बजावलंस ते माझ्या लक्षात आहे. पण फोनवर तू मध्येच बोललीस की तुझ्या या आईचा धीर सुटतो, म्हणून लिहायला बसले.

तू मुत्तूला टोपलीतून आणलंस तेव्हा आप्पांनी कपाळाला हात लावला होता. शिकारी कुत्र्याच्या घरात कुणी ससा आणतं का, म्हणाले. तू हट्टाला पेटलीस. आठवडाभर दोघांमध्ये जाळी ठेवलीस, एकमेकांची फडकी हुंगायला दिलीस, करिया शांत बसला की त्याला तांदळाच्या भाकरीचा तुकडा. महिन्याभरात मुत्तू त्याच्या पोटाला टेकून झोपायला लागला. "आमच्या कुत्र्यानं सशाची दाईगिरी पत्करलीय, आता मी गावात मिशा खाली करून फिरायचं," असं आप्पा येईल त्याला सांगायचे, आणि सांगताना खूश असायचे.

मैसूरला जाताना तू दोघांना माझ्यावर सोपवलंस. कैलपोळ्दला, म्हणजे हत्यारांच्या पूजेला, दोन दिवस असताना तू सुट्टीवर आलीस, मागच्या अंगणात गेलीस, तर करियाच्या तोंडात मुत्तू. "याला घालवा, नाहीतर मी जाते," म्हणालीस. आप्पांनी त्याच संध्याकाळी त्याला तुझ्या मामाच्या कॉफीच्या मळ्यावर नेऊन बांधलं. मी तुझ्यासाठी तांदळाचे कडंबुट्टू वाफवत होते. एक शब्द बोलले नाही. त्याला आता सव्वा वर्ष होत आलं.

मुत्तूच्या अंगावर दाताची एकही खूण नव्हती, देचू. मीच त्याला पुरलं, मला माहीत आहे. त्या सणाला नारळावर नेम धरायच्या बायकांच्या स्पर्धेत मी नाव दिलं होतं. आदल्या वर्षी शेजारच्या पोन्नम्मानं मला हरवलं, ते मनात सलत होतं. घरात कुणी नाही असं बघून मी अंगणात बार काढला. एकच. मुत्तू दहा पावलांवर गवत खात होता. तो उडाला, कोसळला आणि पुन्हा हलला नाही. ससा धसक्यानं मरतो हे मला ठाऊक होतं. तरी बार काढण्याआधी त्याला आत नेऊन ठेवायचा कंटाळा केला. घाबरून मी बंदूक ठेवायला आत पळाले. बार झाला की पडलेलं पाखरू ओरखडा न उठवता उचलून आणायचं, हे करियाला आप्पांनी लहानपणापासून शिकवलेलं. त्यानं तेच केलं. तेवढ्यात तू आलीस.

त्यानं खाणं सोडलंय असा मामाचा निरोप आला, तेव्हा आप्पांना सगळं सांगितलं. ते माझ्याशी अजून धड बोललेले नाहीत. करियाच्या बरगड्या मोजता येतात, आणि तरी मला बघून त्यानं शेपूट हलवलं. ते मला सहन झालं नाही. तू पुत्तरीला ये. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल. त्याच्याशी बोल.

तुझीच, पण तुझ्या नजरेला नजर द्यायची हिंमत नसलेली,
अव्वा